आरशातला दयाळ

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडता सोडता एवढंच म्हटलं, "एखादा शांत छंद लावून घ्या. पक्षी वगैरे बघा." आणि विमा ऑफिसातल्या हेडक्लार्कनी ते मनावर घेतलं. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना 'गिझर' म्हणत. बटन दाबायचा अवकाश, पाच मिनिटांत उकळी. (तोंडावर कुणी म्हणत नसे. प्रत्येकाला बायकापोरं आहेत.)

गिझरनी कॅमेरा घेतला, हातभर लांब लेन्स घेतली, तिवई घेतली, पानाच्या रंगाची टोपी घेतली आणि पक्षीमित्रांच्या गटात नाव घातलं. पण पक्षी ही जात मुळातच उद्धट असते, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या माणसाला 'बस' म्हटलं की तो बसतो. पक्षी बसलेला असेल तरी उठतो. फोकस जुळतो न जुळतो तोच महाशय पसार, आणि फोटोत उरते ती हलणारी फांदी. बघता बघता गिझरकडे फांद्यांचा उत्तम संग्रह झाला. रक्तदाब होता त्याहून वर गेला.

त्यात भर बायकोची. तिला छंदबिंद काही नव्हता. ती आपली स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासायची आणि पक्षी आपण होऊन तिच्यासमोर येऊन उभे राहायचे.

"अहो, हा निळा कोण हो? मागच्या नळावर बसला होता."

तिने ओल्या हातानेच फोनवर काढलेला फोटो पुढे केला. खंड्या. चोचीत अख्खी पाल, पालीचा डोळासुद्धा स्पष्ट.

"हलला नाही?" गिझरनी दात आवळून विचारलं.

"मी म्हटलं थांब रे जरा, तर थांबला."

तिनेही गटात नाव घालून तो फोटो टाकला आणि गटाने तिला डोक्यावर घेतलं. गटप्रमुख म्हणजे भूगोलाच्या एक निवृत्त बाई, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनीसुद्धा 'सुरेख' लिहिलं. वाचनालयाच्या सभागृहात गटाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात खंड्याची निवड झाली. प्रत्येकाने एक फोटो द्यायचा, रविवारी संध्याकाळपर्यंत. गिझरच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं : भिंतीवर बायकोचा खंड्या, लोक वाहवा करताहेत, आणि आपण शेजारी तिची पर्स धरून उभे. त्यांना राग तर आलाच, पण आत कुठेतरी रडूही आलं. सगळी मेहनत आपली आणि पक्षी मात्र हिचे.

रविवारी सकाळी दात घासताना त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला. शेजारच्या डेंटिस्टच्या स्कूटरवर एक दयाळ बसला होता. काळा-पांढरा, देखणा, आणि भयंकर चिडलेला. आरशातल्या स्वतःलाच तो दुसरा नर समजत होता आणि आपल्या हद्दीत घुसला म्हणून त्याला चोचीने बडवून काढत होता. म्हणजे हा पक्षी उडून जाणार नव्हता. जन्मात पहिल्यांदा एक पक्षी एका जागी टिकला होता, तोही रागापायी. गिझरना तो फार जवळचा वाटला.

टोपीबिपी शोधण्यात वेळ न घालवता ते बनियनवरच तिवई घेऊन धावले. स्कूटरच्या मागे कॅमेरा लावला, रिमोट मुठीत धरला, श्वास रोखला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, जरा बाजूला होता का? स्कूटर काढायचीय." डेंटिस्ट.

"श्श. दहा मिनिटं," गिझर कुजबुजले.

"अहो, पेशंटचा जबडा बधिर करून आलोय. चष्मा राहिला होता माझा," तोही नकळत कुजबुजला.

"बसू दे की त्याला."

"भूल उतरेल."

"मग पुन्हा द्या. तुमचं औषध संपणार आहे का? माझा पक्षी संपेल."

"तुमचा पक्षी माझ्या स्कूटरवर आहे."

"हळू बोला."

"मी हळूच बोलतोय."

असं दोन प्रौढ माणसांचं कडाक्याचं भांडण कुजबुजत चाललं. दयाळाने ढुंकून पाहिलं नाही, त्याचं स्वतःचं भांडण चालू होतं. शेवटी डेंटिस्टने वळसा घातला आणि स्कूटरच्या हँडलला हात लावला. बस. गिझरना उकळी फुटली. तिवईशेजारून त्यांनी अशी गर्जना केली की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. दयाळ उडाला आणि डेंटिस्ट स्कूटरसकट नाहीसा झाला.

गिझर मटकन खाली बसले. मग मूठ उघडली तर आत रिमोट. रागाच्या भरात बटन दाबलं गेलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा. कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. (चष्मा त्यांचाही घरातच होता.) एका फोटोत आरशाच्या मधोमध काळं-पांढरं काहीतरी अगदी लख्ख आलं होतं. बायको विचारेल, सुचवेल, या धास्तीने त्यांनी तिथल्या तिथे तो बाईंकडे पाठवून दिला.

बाईंचं उत्तर आलं, "अप्रतिम. दारासमोरच मोठा करून लावू."

गिझरनी अख्ख्या ऑफिसला आमंत्रण दिलं. "तुझा खंड्याही असेल आत कुठेतरी," असं बायकोला उदार मनाने सांगितलं.

सभागृहात शिरताच गर्दी दिसली. गर्दीच्या डोक्यांवर दाराएवढा फोटो होता. स्कूटरचा आरसा आणि आरसाभर गिझर : काळ्या मिशा, पांढरा बनियन, तोंड वासलेलं, मानेवरच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. खाली बाईंच्या टापटीप अक्षरात चिठ्ठी : 'प्रौढ नर. आपल्या हद्दीचं रक्षण करताना. डावीकडील काळा डाग म्हणजे दयाळ असावा.'

ऑफिसातले लोक छताकडे बघत होते. गिझरच्या कानशिलांपासून लाली चढत गेली, छाती फुगली, मिशा थरथरू लागल्या आणि भर सभागृहात त्यांनी तोंड उघडलं.

पण ऑफिसातली माणसं वेगळी आणि पक्षीमित्र वेगळे. एकानेही दचकून पाऊल मागे घेतलं नाही. सगळे एकदम गप्प झाले, बाई तर चक्क एका गुडघ्यावर बसल्या, आणि सभागृहातल्या तमाम लेन्सा गिझरच्या दिशेने वर उचलल्या गेल्या.

"जवळ जाऊ नका हं कुणी," बायको हलक्या आवाजात म्हणाली, "उडून जातील."