लाल पिनेचं कुंकू

कापसाच्या त्या वाईट वर्षांत शासनाच्या एक गोष्ट ध्यानात आली : फुलसावंगीकडच्या वावरांत चिखल फार. तेव्हा साहेबांनी वावरात जाण्यापेक्षा वावरानेच साहेबांकडे यावे, असे ठरले. पऱ्हाटीचे, म्हणजे उभ्या कपाशीचे, चित्रीकरण करायचे, ते 'पीकदर्शन कक्षा'तल्या होम थिएटरवर पाहायचे आणि पानांवर लाल्या रोग दिसला, तर पंचनामा. पंचनामा झाला, तर पुढच्या पेरणीचं बियाणं.

तांड्यावरच्या संगीताची पऱ्हाटी पुरी लाल झालती. म्हणून ती कडेवर बादलला घेऊन सकाळपासून कक्षात बसली होती.

टीव्ही एका खात्याचा, प्लेअर दुसऱ्याचा, जुळणारी केबल कोणाचीच नाही. प्लेअरसोबतची निघाली पिवळी-पांढरी. टीव्हीला भोकं लाल, हिरवी, निळी. महिनाभर रीतसर पत्रव्यवहार होऊन जुळणारी केबल आज आली. नवी वस्तू म्हणून कक्षातल्या कारकून मंजुषाबाईंनी पूजा केली. भोकं मागे, म्हणून यंत्राचं तोंडही मागेच धरलं. लाल भोकाला ओलं कुंकू शोभलंही छान. मग पिना खोचल्या.

पडद्यावर पऱ्हाटी आली. हिरवीगार.

"साहेब, माह्ये पानं तं लाल हायत!"

"बाई, पडदा काय खोटं बोलतो?" नंदकिशोरसाहेब म्हणाले.

संगीताने पदराची गाठ सोडून लाल पान पुढे केलं.

"हे पडद्याबाहेरचं. ग्राह्य धरता येत नाही."

"अन् ते पडद्यावर वावरात उभी हाय, ते मीच ना? माहा हाच लाल घागरा तिथं हिरवा काहून दिसून राह्यला?"

साहेबांनी घागरा पाहिला, पडदा पाहिला. "मंजुषाबाई, नोंद घ्या. अर्जदार घागरे बदलते."

मंजुषाबाई मात्र टीव्हीमागे वाकल्या होत्या. "साहेब, लाल पीन कुंकवात रुतली. लाल रंग येऊनच नाही राह्यला. पुसू काय?"

"कुंकू पुसता? तुम्ही?"

मंजुषाबाईंचा हात जागीच थांबला. संगीताने पदराचं टोक पुढे केलं होतं. तिनेही ते हळूच मागे घेतलं. घरधनी सकाळीच निंदणाला गेला होता. कशाला विषाची परीक्षा?

बादलने तेवढ्यात पडद्यावरची हिरवी आई पाहिली अन् भोकाड पसरलं. संगीताने त्याला छातीशी धरलं, थोपटलं. "उगी राजा. मी इथं हावो ना."

'पीक समाधानकारक,' अशी नोंद झाली. तेच चित्रीकरण संध्याकाळच्या बातम्यांत लागलं. जेवता जेवता तुम्हीही पाहिलंत, आठवतं? पोळीचा घास मोडत म्हणालात, "एवढं हिरवंगार तं हाय! मग हे लोक रडून कायले राह्यले?"