काळ्यात माणूस अर्धा दिसतो

"ह्या वेळेस पेपरात मी पूर्ण येणार!" सत्यशीलाबाईंनी राजूरच्या भर चौकात, भाजीवालीसमोर जाहीर करून टाकलं. भाजीवालीनं तराजू थांबवला. कारण बाई मागच्या वेळेस पेपरात अर्ध्या आल्या होत्या, हे साऱ्या गावाला पाठ होतं.

झालं होतं असं. बचत गटाच्या पापडांचा फोटो छापून आला, त्यात एका टोकाला सत्यशीलाबाईंचा एक डोळा, एक कान आणि एक पापड. बाकीची बाई कात्रीत गेली. दोष फोटोवाल्याचा नव्हता. तो बिचारा मागं सरकत सरकत नालीच्या काठावर पोचला होता. त्याच्या मागं नालीच होती! आणि थोरली जाऊ आसराबाई? ती बरोबर मधोमध, पूर्ण, शिवाय दोन्हीकडं मोकळी जागा. आसराबाईनं तो फोटो चौकटीत घालून ओसरीत टांगला. पाहुणे आले की बोट दाखवायची, "ही मी. अन हा कान आमच्या सत्यशीलेचा."

आता मात्र संधी चालून आली होती. गावात खुली व्यायामशाळा झाली होती. मैदानात लोखंडी यंत्रं रोवून ठेवली होती आणि उद्घाटनाला साक्षात मंत्रीसाहेब येणार होते. सरपंच सर्जेराव घरी येऊन म्हणाले, "वैनी, साहेबांसमोर एखाद्या बाईनं यंत्र चालवून दाखवलं पाह्यजे. सकाळी फिरणाऱ्या बायांच्या तुम्ही पुढारी. तुम्हीच चढा."

पुढारी त्या होत्याच. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून पहाटे निघायच्या. आता गावच्या रस्त्यावर बाई चालताना दिसली की मोटारसायकलवाला थांबणारच. "काकू, बसा, सोडतो." नाही म्हणावं तर भांडण झाल्यासारखं वाटतं. त्यामुळं बाईंचा निम्मा व्यायाम दुसऱ्याच्या गाडीवर व्हायचा. एकदा तर दूधवाल्यानं फार आग्रह केला म्हणून त्या पार शेजारच्या केदारखेडा गावापर्यंत 'चालून' आल्या होत्या.

अडचण एकच होती, साडी! यंत्रावर उभं राहून दोन्ही पाय पुढं-मागं झुलवायचे होते. सत्यशीलाबाईंनी गुपचूप एकदा चढून पाहिलं, तर यंत्रानं निऱ्याच गिळल्या. तिथंच उभी असलेली आसराबाई म्हणाली, "न्हाई जमलं तर काळजी करू नको. मी हाय की!"

आसराबाई म्हणजे दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. तिची साडी कुठंच अडकत नसे, कारण अडकायला आत काही नव्हतं. ते "मी हाय की" सत्यशीलाबाईंच्या काळजात काट्यासारखं रुतलं. त्या क्षणी त्यांनी ठरवलं, ड्रेस घालायचा! आयुष्यातला पहिला.

लेक आकांक्षा मोबाईल आणि टेप घेऊन बसली. माप घेता घेता टेप संपला.

"मम्मी, श्वास आत घे."

"घेतलाय कधीचा. जल्दी कर, सोडला तर टेप तुटंल."

मापाचा आकडा पाहून बाईंचा व्यवहारी स्वभाव जागा झाला. "दोन नंबर कमी टाक. कुरिअर येईस्तोवर मी बारीक होऊन राह्यलेच. मोठा घेतला अन मंग ढिल्ला झाला तर? नुसता फुकटचा खर्चा!"

कुरिअर चौथ्या दिवशी आलं. बाई मात्र होत्या तिथंच होत्या. ड्रेस डोक्यातून आत गेला, खांद्यापाशी आला आणि तिथंच त्यानं मुक्काम ठोकला. दोन्ही हात वर, तोंड कापडात, अशा अवस्थेत बाई खोलीभर फिरत असताना नवरा राधाकिसन शेतातून आले.

"अगं, कोणाला शरण आलीस?"

"ओढा!" आतून आवाज आला.

राधाकिसननं पाय रोवून ओढलं. बाही हातात आली, बायको आतच राहिली.

मग मात्र सत्यशीलाबाईंनी मोबाईलचा नाद सोडला आणि जालन्याची गाडी धरली. राधेश्यामशेठच्या कपड्याच्या दुकानात तीन पिढ्यांची लग्नं नेसून-सवरून निघाली होती. शेठनं बाईंकडं खांद्यापासून पायापर्यंत एकदाच पाहिलं, मोंढ्याच्या बाजारात आलेल्या कापसाच्या ढिगाकडं व्यापारी पाहतो तसं.

"भाभीजी, आपल्याकडं सगळं माप है. बैठो."

पहिला ड्रेस आला, त्यावर ताटाएवढी फुलं. बाई म्हणाल्या, "हे घातलं तर पोरं माझ्यात लपाछपी खेळतील." दुसऱ्यावर आडवे पट्टे. "हे घालून रस्त्यात उभी राह्यले तर लोकं माझ्यावरून रस्ता ओलांडतील." तिसरा पोपटी होता. त्याची शेठनं बाईंचं तोंड पाहूनच घडी घातली.

मग शेठनं आतल्या कपाटातून एक काळा ड्रेस काढला. लांब कुर्ता, बाजूला चिरा, हाताला सैल, खाली इलॅस्टिकची पँट. आवाज खाली आणून म्हणाला, "भाभीजी, काळ्यात माणूस अर्धा दिसतो."

"अर्धी तर मी पेपरात दिसलेच की!"

"ते वेगळं अर्धं. हे चांगलं अर्धं."

बाई आरशाच्या खोलीत गेल्या. ड्रेस कुठंही न अडता आत गेला. हात वर केले, काखेत काचलं नाही. खाली मांडी घालून बसल्या, उठल्या. एकही शिवण कुरकुरली नाही. सत्यशीलाबाईंनी आरशासमोर पुन्हा एकदा हात वर करून पाहिले. चाळिशी उलटल्यापासून कोणत्याही कपड्यानं त्यांना असं न चिडता आत घेतलं नव्हतं.

बाहेर आल्या त्या हिशेब घालतच. ड्रेसनं अर्धी, तर काळ्या ओढणीनं अर्ध्याची अर्धी. त्यावर काळे बूट, काळे मोजे. बस राजूरला पोचेपर्यंत त्या हिशेबानं बाई आकांक्षापेक्षाही बारीक झाल्या होत्या!

रात्री राधाकिसन मोबाईलवरची बातमी वाचत होते. "कोण्या गावात साहेबाला काळे झेंडे दाखवले म्हणं. साहेब लई भडकले."

"ते जाऊ द्या हो. मी अर्धी दिसते का, ते सांगा."

राधाकिसनचा संसार उगाच इतकी वर्षं टिकला नव्हता. मान वर न करता ते म्हणाले, "अर्ध्याच्या बी आत."

उद्घाटनाच्या दिवशी सत्यशीलाबाई नखशिखांत काळ्या होऊन मैदानाच्या गेटवर पोचल्या. तिथं पोलिसांचा बंदोबस्त. टेबलावर काळ्या वस्तूंचा ढीग पडला होता. छत्र्या, टोप्या, रुमाल, कोण्या लेकराचा एक मोजा. टेबलामागं महिला पोलीस उभी होती, छातीवर नाव, दैवशाला. ही बाईसुद्धा चांगली भरभक्कम. तिच्या खाकी शर्टाची गुंडी केवळ सरकारी हुकूम म्हणून तग धरून होती.

"थांबा मावशी. काळं आत न्यायचं न्हाई."

"काय काळं?"

दैवशालानं वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्यात काय काळं न्हाई, ते सांगा."

"अवं बाई, मी निषेधाला न्हाई, व्यायामाला आले!"

"त्या गावातला झेंडेवाला बी व्यायामालाच आल्ता. हातरुमालाएवढा झेंडा होता त्याचा, तरी आमचा एक माणूस सस्पेंड होऊन घरी बसला. अन तुम्ही तर..." ती सभ्यपणानं थांबली.

"बोला, बोला. मी झेंड्याचा अख्खा तागाच आणला, असंच न?" बाईंना रडू यायच्या बेतात हसू आलं. "अर्धी दिसायला गेल्ते. एकटीचा मोर्चा झाला माझा!"

दैवशाला हसली नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि टेबलावरून पुढं झुकली. "मावशी, खरं सांगा. कुठून घेतला? आपल्या मापात कुठंच भेटत न्हाई. काखेत काचत न्हाई न?"

"बिलकुल न्हाई. मांडी घालून बसले, उठले. शिवण हलली न्हाई."

"कापड आटतं का?"

"शेठ म्हणला न्हाई आटत. जालन्यात राधेश्यामशेठचं दुकान हाय, पोरी. तुला पाह्यल्याबरोबर माप सांगंल."

दोघींनी गेट अडवून पँटच्या खिशापर्यंतची चर्चा केली. मागं रांग चौकापर्यंत गेली. तेवढ्यात दुरून सायरन ऐकू आला आणि दैवशाला ताठ झाली. "पण आत सोडता येत न्हाई, मावशी."

घरी जाऊन साडी नेसावी तर रस्ता बंद. नेमकी त्याच वेळी पिवळ्या साडीत, पदर खोचून, आसराबाई गेटातून आत शिरली. "अगं बाई, अडवलं का? ऱ्हा मंग बाहेर. मी हाय की!"

सत्यशीलाबाईंचा डोळा, कान आणि पापड एकदमच पेटले!

सर्जेराव धावत आले, सत्काराची शाल घेऊन. शाल एका खांद्यावरून निघाली आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत पोचता पोचता दमली. मग सरपंचांनी हाक मारली मांडववाल्या मच्छिंद्रला. गेटाला लागूनच असलेल्या स्टेजच्या मागं त्याच्या गुलाबी-पांढऱ्या कापडाचा तागा अजून उरला होता.

"मावशी, हात वर करा," मच्छिंद्र म्हणाला आणि बाईंच्या भोवती फिरू लागला. "मी शेकड्यानं खांब गुंडाळलेत. तुमचं बरं, खांब सोताहून हात वर करत न्हाई." त्यानं चुण्या घातल्या, टाचण्या मारल्या, कमरेला झालर दिली. बाईंचं रूपांतर लग्नाच्या मांडवात झालं.

"आता काप की उरलेलं!"

"कापतो कशाला? धंद्याचं कापड है. दुसरं टोक स्टेजच्या पडद्याला ठोकलंय. यंत्रापर्यंत बराबर पुरतं. फक्त हलू नका."

"अरे, मला व्यायाम करून दाखवायचाय!"

"मंग कमी हला."

दैवशालानं चौफेर फिरून पाहिलं. "काळं दिसत न्हाई. जाऊ द्या आत."

मंत्रीसाहेब आले, फीत कापली, आणि यंत्रासमोर उभे राहून म्हणाले, "हं ताई, दाखवा."

सत्यशीलाबाई चढल्या. उजवा पाय पुढं गेला. मागं स्टेजचा पडदा जरासा थरथरला. डावा गेला, कुठंतरी 'टक' वाजलं. पण आतला ड्रेस असा काही साथ देत होता की बाईंना भानच राहिलं नाही. पाय झुलू लागले. लोकांनी टाळ्या दिल्या. समोर आसराबाईचे डोळे विस्फारले होते. बाईंना वाटलं, जळून राह्यली! त्यांनी जोर वाढवला. टक! टक! टक! बाजूला मच्छिंद्र दोन्ही हात हवेत नाचवत होता. बाईंना वाटलं, पोरगं किती कौतुक करतंय! त्यांनी आणखी जोर लावला.

आणि सगळा पडदा आला. साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्याच्या बॅनरसकट, गुलाबी-पांढरी लाट उसळावी तसा आला! खुर्च्या, हार, सरपंच, आसराबाई, सगळं त्याच्या पोटात गेलं. साहेब तेवढे पुढं होते म्हणून वाचले. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

कापडाखालच्या गुलाबी अंधारात दोन जावा समोरासमोर आल्या.

"सत्यशीला, तू का गं?"

"हाव. फोटो काढला का त्यानं?"

पोलिसांनी कापड ओढायला सुरुवात केली. मच्छिंद्रच्या टाचण्या एकेक सुटल्या, झालर गेली, चुण्या गेल्या आणि मंत्रीसाहेबांपासून चार पावलांवर सत्यशीलाबाई पुन्हा नखशिखांत काळ्या होऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी मान वळवायला सुरुवात केली...

तेवढ्यात एक खाकी पाठ समोर आली. दैवशालानं खाडकन सलाम ठोकला आणि तशीच आडवी उभी राहिली. साहेबांना मागचं काहीच दिसलं नाही. ते हसत गाडीकडं गेले. सत्यशीलाबाई त्या पाठीमागं श्वास रोखून उभ्या होत्या. मग लक्षात आलं, रोखायची गरज नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कोणाच्या तरी मागं पूर्ण मावल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी पेपर आला. फोटोत मंत्रीसाहेब, कापडाची लाट आणि एका टोकाला आसराबाईचा एक डोळा व पिवळा पदर. आसराबाई पेपर नाचवतच आली. स्वतःच्या अर्धेपणाचं दुःख तिनं तात्पुरतं बाजूला ठेवलं होतं.

"पाह्य! मी निदान अर्धी हाय. तू तर कुठंच न्हाई!"

सत्यशीलाबाईंनी चष्मा लावून फोटोखालची ओळ सावकाश वाचली. 'अचानक सुटलेल्या जोरदार वाऱ्यामुळे मंडप कोसळला. सुदैवाने कोणीही जखमी नाही.' मग त्यांनी 'वाऱ्यामुळे' या शब्दावर बोट ठेवलं.

"ही काय मी. अन पूर्ण हाय."

राधाकिसन तांब्याआडून हसत होते. बाईंनी फोटो कापून चौकटीत घालायला आकांक्षाकडं दिला, आणि तोच काळा ड्रेस घालून ऐटीत डॉक्टरकडं निघाल्या. जिला छापील पेपरानं वारा म्हटलं, ती किती हलकी झाली असेल! पावलंसुद्धा अलगद पडत होती.

दवाखान्यात बूट काढून, ओढणी काढून, डोळे मिटून त्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या.

काट्यानं पेपर वाचलेला नव्हता.