पाचशे चाळीस फुटांवरची उपकारस्तुती

माणसानं देवाचे उपकार मानावेत, पण मानताना देवाला गंडवू नये, एवढं विठाबाईला दुसरीतून शाळा सोडूनही कळत होतं. तिचा थोरला बब्रुवान मात्र बी.ए. झालेला. त्याला दोन्ही एकदम जमत होतं, आणि विठाबाईची तक्रार तीच होती.

भर उन्हाळ्यात तेर गावच्या शिवारात त्यानं बोअर घेतला. गाडी धुरळा ओकत होती आणि चर्चच्या मंडळीचा चिटणीस या नात्यानं बब्रुवान शेजारी उभा राहून देवाला वचनं देत होता. (आपल्यात नवस करत नाहीत. नवस पलीकडच्या गल्लीत करतात. आपण वचन देतो.) दोनशे फुटांवर सोयाबीनचं एक पोतं कबूल झालं. तीनशेवर सगळ्या पिकाचा दशांश. चारशेला नुसता फुफाटा निघाला, तेव्हा दशांशावर एक गाभण शेळी. पाचशेला गाडीवाल्यानं मान हलवली, तेव्हा बब्रुवाननं हात जोडून शेतापासून चर्चच्या आवारापर्यंत पाइप आणि वस्तीतल्या बावीस घरांसाठी नळ देऊन टाकला.

पाचशे चाळीसला पाणी लागलं. बब्रुवान ढसाढसा रडला. विठाबाईनं त्याच संध्याकाळी हातपंपावर जाऊन बायांना सांगितलं, "सोयाबीन निघायच्या आत दारात नळ येतोय. माझ्या लेकाची जबान हाय." हातपंप अर्ध्या कोसावर. बायांनी विश्वास ठेवला, कारण विठाबाईचा शब्द आजवर खाली पडला नव्हता.

पण पाणी जसजसं वर येतं तसतसं वचन खाली जातं, हा जमिनीचाच गुण असावा. बब्रुवाननं ऊस लावला. ऊस पाणी प्यायला. वाळका ऊस देवाला आवडेल का, असा प्रश्न त्यानंच उपस्थित केला आणि उत्तरही त्यानंच दिलं. मग रीतसर उपकारस्तुती उपसमिती नेमण्यात आली (सदस्य तीन: बब्रुवान आणि त्याचे दोन साडू). उपसमितीनं सखोल विचार केला. पाइप जमिनीत पुरावा लागतो, म्हणजे दिसत नाही. न दिसणाऱ्या दानापासून इतरांना प्रेरणा मिळत नाही. सबब, पाइपऐवजी चर्चच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवावी, तीन फूट बाय दोन.

पाटी आली. 'देवाने पाणी दिले' हे एक इंच अक्षरात. 'श्री. बब्रुवान शिरसाठ, बी.ए., चिटणीस' हे तीन इंचांत. सगळ्यात खाली 'मातोश्री विठाबाई'. तिनं अक्षराअक्षरावर बोट ठेवून ते वाचलं, पाव तास लागला. मग म्हणाली, "माझं एवढं बारीक का रं?" त्या दिवशी तिला नळाची आठवण झाली नाही, हेही इथं नमूद करणं भाग आहे.

सुगीनंतर देवाचे आभार मानायच्या, म्हणजे उपकारस्तुतीच्या रविवारी पाटीवर धूळ बसलेली. चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, सातवा महिना लागलेली, हातपंपावर गेली आणि डोक्यावर एक, कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन आली. त्या पाण्यानं तिनं 'देवाने पाणी दिले' स्वच्छ धुतलं. मग खाली वाकून शेवटची ओळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "आत्या, तुमचं नाव नीट निघालं का बघा."

टोमणा असता तर विठाबाईनं परतवला असता. पण पोरीनं खरंच विचारलं होतं.

उपासनेत बब्रुवाननं देवानं पाणी कसं दिलं याची बावीस मिनिटं साक्ष दिली (घराला एक मिनिट). टाळ्या झाल्या. वर चार पंखे होते, पात्यापात्यावर दात्यांची नावं. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, म्हणून दोन कुटुंबं आपापला पंखा बंद ठेवून घामानं निथळत देवाचे आभार मानत होती. (वाचकानं हसावं. हसून झाल्यावर आपण शेवटचं काय दिलं आणि त्यावर नाव कुठं घातलं, ते आठवावं.)

पाळकसाहेबांनी मातोश्रींना दोन शब्द बोलायची विनंती केली. विठाबाई उठली, पदर सारखा केला आणि लेकाकडं बघितलं.

"बब्रुवान, पोरानं भाकर मागितली आन बापानं धोंडा दिला, आसं म्या कुठं बघितलं न्हाय. पर आभाळातल्या बापानं पाणी पाजलं आन पोरानं त्याच्याच दारात धोंडा आणून ठेवला, हे आज बघितलं. पाटीवरचं माझं नाव ऱ्हाऊ दे. आसला लेक कुणी घडवला, ते लोकाला कळाय पायजे."