एकेचाळीस नंबरची नळी

एकेचाळीस नंबरच्या नळीत पाच माणसं निघाली.

नैरोबीच्या प्रयोगशाळेतून ओमोंडीचा फोन आला, तेव्हा मुगुरे चपातीचा पहिला घास मोडत होती.

"तीन बाया, दोन बाप्ये," तो म्हणाला. "मॅडम, एका माणसाची थुंकी आणायला गेला होतात की वऱ्हाड घेऊन आलात?"

वेड रक्तातून येतं का आणि येत असेल तर नेमकं कुठून, हे शोधण्यात मुगुरेची सहा वर्षं गेली होती. न्येरीच्या डोंगरातलं किमोथोचं घर म्हणजे त्या कामाचा कणा. चार पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत कानात आवाज ऐकू येणारा एक तरी. त्यांतला आता किमोथो तेवढा जिवंत होता. त्याची थुंकी नाही तर घर बाद, आणि घर बाद तर सहा वर्षं पाण्यात.

ओमोंडीने आधी यंत्राला दोष दिला, मग नळीला, शेवटी मुगुरेला. तो तिसरा दोष कायम राहिला. शिल्लक होती ती एक कोरी नळी घेऊन ती पुन्हा डोंगर चढली.

किमोथोची आजी अंगणात शेंगा सोलत बसली होती. तिला सगळा डोंगर शोशो म्हणायचा.

"शोशो, खरं सांगा. नळीत आणखी कोण थुंकलं?"

"मी," शोशो म्हणाली. "मग त्याची आई. मग बहीण. काकाला चहाच्या मळ्यातून बोलावून घेतला."

"पण का?"

"अगं, त्या गोळ्यांनी त्याचं तोंड कोरडं पडतं. रेघेपर्यंत भर म्हणालीस आणि फॉर्म लिहीत बसलीस. पोर रडकुंडीला आलं. आणि थुंकी म्हणजे काय साधी गोष्ट आहे? आमचा म्हातारा जाताना सगळ्यांच्या छातीवर थुंकून आशीर्वाद देऊन गेला. हा एवढ्या लांब, परक्या फ्रीजमध्ये जाणार. एकटा कसा धाडू?"

मुगुरेने अर्धा तास समजावलं. शोशोने प्रत्येक वाक्याला मान डोलावली, मग हळूच विचारलं, "तू मागे म्हणाली होतीस, तुझा भाऊही असाच आहे. त्याच्या नळीत कोण कोण थुंकलं?"

"कुणी नाही. नर्सने घेतली. आपल्या माणसाची आपण घ्यायची नाही, असा नियम असतो."

"घ्यायची नाही, ठीक. भेटायचंही नाही असं आहे का त्यात?"

मुगुरेने पिशवीतून लिंबू काढलं.

या खेपेला ती किमोथोसमोर ठाण मांडून बसली. लिंबाची फोड बघून त्याच्या तोंडाला जेमतेम ओल आली. सव्वा तासात नळी अर्धी झाली. तेवढ्यात चर्चमधल्या दोन बायका प्रार्थनेला आल्या. किमोथो त्यांना बघून हसला. गेल्या वर्षभरात तो हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुगुरे नंबराची चिठ्ठी शोधायला वाकली आणि पुन्हा वर बघितलं तर नळी रेघेपर्यंत भरलेली होती.

"बघ, जमलं की नाही त्याला!" शोशो तोंड पुसत म्हणाली.

मुगुरेला तिथेच कळायला हवं होतं. पण सहा वर्षं पणाला लागली होती, आणि माणसाला जे हवं असतं त्यावर त्याचा चटकन विश्वास बसतो.

दहा दिवसांनी ओमोंडीचा फोन आला.

"सात," तो म्हणाला. "घर बाद, मॅडम. वाईट वाटतं."

ओमोंडी मनाने चांगला. त्याला तिची दया आली.

"अहो, सगळंच काही वाया गेलं नाही. तो चौदा नंबर बघा! अख्ख्या फ्रीजमध्ये तसा नमुना नाही. एकदम शुद्ध. एकाच माणसाचा, दुसऱ्या कुणाचा वारासुद्धा लागलेला नाही. कुणाचा हो हा?"

चौदा नंबर मुगुरेला पाठ होता. शहराच्या पलीकडच्या टोकाला, दोन मटाटू गाड्या बदलून जावं लागतं अशा एका दवाखान्यात तो नंबर आठ वर्षं खिडकीशी बसून होता. शेवटची ती तिथे कधी गेली होती, हे मात्र तिला आठवेना.

"माझ्या भावाचा," तिने सांगितलं. तिचं तोंड इतकं कोरडं पडलं होतं की पुढे काही बोलता आलं नाही.