कोब्याचं पथ्यपाणी

गौलीगुड्यातल्या आमच्या अंगणातला जुना कोबा भेगाळला होता. रजनी पुण्याहून परत यायच्या आत तो नवा करून घ्यावा, एवढंच मी ठरवलं. (ती लेकीच्या, केतकीच्या बाळंतपणाला गेलीय. बाळ रांगायला लागलं, पण रजनी काही हलत नाही.) तोवर घरात मी आणि कुकर. त्यातल्या त्यात बोलका तोच.

यादगिरी मेस्त्रीनं सकाळीच सिमेंट ओतून कोबा घातला. जाताना म्हणाला, "साब, ऊपर से सूखा तो फटता. जरा जमा तो गीले बोरे डालो, पानी मारते रहो. पाँव तो बिलकुल नक्को रखो."

मला बरंच वाटलं. कितीतरी महिन्यांनी कुणाची तरी काळजी घ्यायची होती. मी मागच्या दारानं ये-जा करू लागलो, कोबा जरा जमल्यावर ओली गोणपाटं अंथरली, झारीनं पाणी शिंपडू लागलो आणि (कुणाला सांगू नका) "ऊन लागत नाही ना?" असंही एकदा विचारलं.

दुपारी मुकुंदरावांचा फोन आला. नामपल्लीच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. रिटायर झाल्यापासून ते फक्त दिवाळीला फोन करतात. हा चुकून लागला होता.

"आता लागलाच आहे, तर काय म्हणताय अनंतराव?"

"ओल्या गोणपाटाखाली ठेवलंय," मी म्हणालो. "वरून कोरडं पडलं की भेगा पडतात."

"अरे बापरे. कुणाला दाखवलं?"

"यादगिरी बघून गेला. पाय टेकायचा नाही म्हणाला."

"आणि करायला कोण आहे?"

"कोण असणार? मीच पाणी देतोय, मीच बघतोय."

"बरं, बरं," असं हळू आवाजात म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी फाटक वाजलं. मुकुंदराव, गिरीश, इंदुताई, सगळं जुनं ऑफिस रिक्षांतून उतरत होतं. हातात शहाळी, पपई. आमच्या दारात इतकी माणसं बघून मी पायरीपर्यंत पुढे झालो.

"या, या, आत या," मी म्हणालो.

आणि सगळी आली. सरळ गोणपाटांवरून. इंदुताईंनी तर त्यावर नीट पायही पुसले.

"तुम्ही तर उभे आहात," मुकुंदराव माझ्या टाचांकडे बघत म्हणाले. "मग भेगा कुठे पडतायत?"

"तुमच्या पायाखाली."

सगळा उलगडा झाल्यावर गिरीश हसता हसता पायरीवरच बसला. मग चहा झाला, पपई कापली, ऑफिसातल्या जुन्या साहेबांच्या नकला झाल्या. दिवेलागण कधी झाली कळलं नाही. पाणी मारायचं तर मी साफ विसरलो.

सकाळी गोणपाटं उचलली. कोब्यावर अख्ख्या ऑफिसच्या चपला उमटल्या होत्या आणि मधून भेगा धावत होत्या. यादगिरीनं बघून मान हलवली. "पूरा निकालके फिरसे डालना पडता, साब."

खरं म्हणजे मला वाईट वाटायला हवं होतं. मी लगबगीनं मुकुंदरावांना फोन लावला आणि जमेल तेवढ्या खचलेल्या आवाजात सांगितलं, "कोबा पुन्हा घालावा लागतोय हो."

"आमच्यामुळेच ना?" ते कळवळून म्हणाले. "तुम्ही अगदी निर्धास्त राहा, अनंतराव. मी सगळ्यांना बजावून ठेवतो. या वेळी तुमच्याकडे कुणी म्हणजे कुणी फिरकणार नाही."