यमुनाताईंची बदली

चैत्र संपता संपता आमच्या सौर वेधशाळेतल्या यमुनाताई वळवी यांची बदली सूर्यावर झाली.

आदेश नेहमीच्याच खाकी पाकिटातून आला. मुदत तीन वर्षं. यमुनाताईंनी एकच विचारलं, "पोचल्याचं कळवायचं कसं?"

"आम्ही रोज बघतोच की," आमचे प्रमुख काझी सर म्हणाले.

सोमवारी त्या गेल्या. गुरुवारी सकाळी दुर्बिणीतून दिसल्या. सूर्याच्या डाव्या कडेला एक डाग उगवला होता, त्याच्या काठावर त्या पाय सोडून बसल्या होत्या. सगळीकडे तांबूस, संथ उजेड हलत होता. सरांनी नोंदवहीत लिहिलं, 'वळवी मॅडम हजर.'

मग रोज आम्ही तिघं आळीपाळीने बघायचो. माझं पाच मिनिटांत व्हायचं. प्रल्हाद शिरसाठचं होत नसे. सहा वर्षं त्याचं टेबल यमुनाताईंच्या टेबलाला लागून होतं आणि सहा वर्षांत तो त्यांच्याशी फक्त कामाचं बोलला होता.

सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसा तो डागही रोज थोडा उजवीकडे सरकत होता. बाराव्या दिवशी कडेला टेकला.

"आज त्या पलीकडे जातील," सर म्हणाले.

प्रल्हाद चुन्याची बादली घेऊन गच्चीवर गेला. परत आला तेव्हा कोपरापर्यंत पांढरा झाला होता. मी वर जाऊन पाहिलं. गच्चीभर अक्षरं होती: 'यमुना, मी येऊ का?'

"उजेड तिथे पोचायला आठ मिनिटं लागतील," सर घड्याळ बघत म्हणाले. "उत्तराला आणखी आठ."

प्रल्हादने दुर्बिणीला डोळा लावला. पंख्याचा तेवढा आवाज होता. सतरावं मिनिट लागलं आणि त्याचा श्वास मोठ्याने ऐकू आला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "थोडं सरकून बसली. शेजारी जागा केली."

सरांनी कोरा कागद पुढे केला. प्रल्हादने बदलीचा अर्ज दोन ओळींत लिहिला, सरांनी तिथेच मंजूर केला.

"आत्ताच निघ," ते म्हणाले. "दुपारनंतर ढग येतात."

प्रल्हादने हात धुतले, चपला घातल्या आणि तो निघाला. मी दुर्बिणीत डोकावलो. डाग पलीकडे वळला होता. कडा स्वच्छ होती, तिच्यावरून उजेड हळूहळू ओघळत होता.

"चला," काझी सर म्हणाले, "जेवून घेऊ."