काळजीचा वास

काळजीत पडलेल्या झाडाचा वास आला, की कोहळी टेकाडावरचे भुंगेरे आधी वनरक्षकाच्या दारात येतात, झाड कोणतं ते सांगतात आणि मगच पोखरायला लागतात. एवढी शिस्त माणसांतही दिसत नाही.

त्या सकाळी ते आले तेव्हा वनरक्षक मनिराम उईके दाढी करत होता.

"कोन्तं झाड हाय जी?" त्यानं आरशात बघतच विचारलं.

"झाड नाही," लांब मिशांचा म्होरक्या म्हणाला. "आपल्या पत्नी."

मनिरामनं वस्तरा खाली ठेवला. सुकमाबाईचं दुसऱ्या दिवशी पोटाचं ऑपरेशन होतं. तोंडानं ती काही बोलत नव्हती, पण रात्रभर कूस बदलत होती.

"ओंडका ठेचून देतो जी, तो पोखरा. दरसाल त्याच्याच वासावर तं येता तुमी."

"या वासापुढे ओंडका टिकणार नाही."

जिकडे वास जास्त तिकडे भुंगेरा, हे मनिरामला नोकरीनंच शिकवलं होतं. मग आपणच ओंडका व्हायचं, असं त्यानं ठरवलं. तो अंगणात बसला आणि सुकमाशिवायचं घर डोळ्यांपुढे आणलं. मुद्दाम काही करावं लागलं नाही, जिवाचं पाणी पाणी झालं. भुंगेऱ्यांची रांग वळून त्याच्या पायांवर चढू लागली.

सुकमाबाईनं ते दारातून पाहिलं. तिच्या काळजात धस्स झालं आणि रांग परत तिच्याकडे वळली. मग पुन्हा त्याच्याकडे.

"कृपया काय ते एक ठरवा," म्होरक्या म्हणाला. "आम्ही दमतो."

सुकमाबाईनं पदर कमरेला खोचला.

"काल ताक काहून नाही आनलं?"

"आता ताक?"

"लगन झालं तवापासून हेच पाहून राहिली मी. सांगावं एक, आनावं दुसरं."

मनिरामचं डोकं फिरलं. तोही चढ्या आवाजात बोलू लागला. रागाला वास नसतो. भुंगेरे मिशा हलवत जागीच थांबले.

अंगणाच्या कडेला सालाचं झाड होतं. लग्नाच्या वर्षी दोघांनी लावलेलं. या दोघांना भांडताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. वारा नसताना त्याची पानं थरथरू लागली.

"झाड," म्होरक्यानं मनिरामला रीतसर सांगितलं, आणि रांग तिकडे निघाली.

दोघंही गप्प झाली. लगेच मागचा एक भुंगेरा सुकमाबाईकडे वळून बघू लागला.

"मीठबी नाही आनलं तुमी," ती रडत म्हणाली.

बुंध्यातून पांढरा भुसा गळायला लागला.

"मीठ व्हतं घरात," मनिराम ओरडला.